चार मिनिटं अकरा सेकंद

धरणाखालचा तांडा, सिद्धेश्वर
६ जानेवारी २०२५

उझ्मा,

हातानं लिहिलेलं पत्र बघून हसशील. हस. डिसेंबरात दोन शिपाई तांड्यावर आले आणि माझा फोन ‘तपासायला’ घेऊन गेले. आठ दिवसांनी परत दिला तेव्हा त्याची काच पुसून चकचकीत केलेली होती. माझ्या फोनची एवढी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती. तेव्हापासून तो बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवलाय आणि मी पोस्टात जाते. अंगणवाडीतून सुटले की वाटेतच आहे.

कामाचं बोलते. रूपाकाकीच्या पोराचं, हरिचंदचं, तुला सगळं माहीत आहे, पण कुठेतरी कागदावर नीट असावं म्हणून पुन्हा लिहिते. जून २०२३. कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर तो तंदूर सांभाळायचा. कालव्यावरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या म्हणून पोलिसांनी त्याला तिथून उचलला. पोरगा तांड्यावरचा, मग दुसरं कारण कशाला लागतं? तिसऱ्या दिवशी सकाळी मढं दिलं आणि कागदावर लिहिलं, न्हाणीत पाय घसरून पडला. ते दोन दिवस रूपाकाकी ठाण्याच्या मागच्या खिडकीशी भाकरी घेऊन उभी होती. बघणारी ती एकटीच.

महिन्याभरानं मी तिची साक्ष फोनवर रेकॉर्ड केली. तुमच्या संस्थेनंच आम्हाला शिकवलं होतं. आधी रेकॉर्ड करा, मग पुण्याला आमच्याकडे चढवा, आणि चढवलं की फोनमधून पुसून टाका, म्हणजे कुणाच्या हाती लागणार नाही. मी तसंच केलं. पुसायचं काम तर फारच इमानदारीनं केलं.

आता १७ मार्चला हिंगोलीत चौकशीची सुनावणी आहे. गेल्या तारखेला समोरच्या वकिलानं एक कागद काढला. तुमच्या ‘साक्ष-संचय’च्या वेबसाईटवरून छापून आणलेला. त्यात रूपाकाकी म्हणते, ‘मला काही माहीत न्हाई. मी काही पाहिलं न्हाई.’ तिथेच साक्ष संपते. वकील म्हणाला, ‘साहेब, हे आम्ही लिहिलेलं नाही. त्यांच्याच माणसांनी जपून ठेवलेलं आहे.’ चौकशी अधिकाऱ्यांनी मान डोलावली. 

याच्या पुढचं रेकॉर्डिंग कुठे आहे? ती बाई पुढे चांगली चार मिनिटं बोललेली आहे. मी समोर होते. सबंध फाईल पाठव, सुनावणीच्या आत.

शिवकन्या

*

पुणे
१८ जानेवारी २०२५

शिवकन्या,

तुझं अक्षर अजून तसंच डावीकडे झुकतं. हिंगोलीच्या होस्टेलात तुझ्या वह्या उतरवून घेताना माझी मान दुखायची, ते आठवलं.

तुझं पत्र आल्याबरोबर मी संचालक निता मॅडमशी बोलले आणि नोंद तपासली. काळजी करू नकोस. फाईल पूर्ण सुरक्षित आहे, तीन वेगवेगळ्या ठिकाणी तिच्या प्रती आहेत. लांबी नऊ मिनिटं दोन सेकंद. तू विचारलेले सगळे प्रश्न आणि रूपाकाकींची सगळी उत्तरं तिच्यात आहेत. त्यापुढे बोलणं नाही. नोंदीत तसा शेरा आहे: ‘अखेरीस साक्षीदार रडते. आशय नाही.’ दीड वर्ष होऊन गेलं, शिवकन्या. समोर बसून ऐकताना आपल्याला जे जाणवतं ते रेकॉर्डिंगमध्ये असतंच असं नाही. अशी गल्लत आमच्या पुष्कळ कार्यकर्त्यांची होते.

एक चांगली गोष्ट सांगते. डिसेंबरात आमच्या संग्रहाचं लोकार्पण झालं. त्यासाठी सात मिनिटांची फिल्म केली, ‘मातीचे हुंदके’. सुरुवातीला ड्रोनवरून तुमचं धरण दिसतं. संपल्यावर सगळं सभागृह उठून उभं राहिलं. फोन सुरू केलास तर जरूर बघ. अम्मीलाही गावी, हट्ट्याला, लिंक पाठवली आहे. गुडघ्यामुळे तिचं बांगड्या घेऊन फिरणं दोन-अडीच वर्षांपासून बंदच आहे, दिवसभर घरात असते.

तुझी,
उझ्मा

*

धरणाखालचा तांडा
२७ जानेवारी २०२५

उझ्मा,

‘आशय नाही.’ हे दोन शब्द मी तीनदा वाचले आणि पत्र चुलीपाशी ठेवून अंगणात जाऊन थुंकून आले.

मी दहा मिनिटं तिला प्रश्न विचारत होते. तुम्हीच छापून दिलेले प्रश्न. किती वाजले होते, कुणाला ओळखता का, कुठे उभ्या होतात. ती मराठीतून एकच सांगत होती, माहीत न्हाई, माहीत न्हाई. समोर फोन, हातात कागद, ती मला सरकारी बाई समजून बसली होती. मी, जिला तिनं कडेवर खेळवलं! तेवढ्यात तिची बहीण भिकाबाई दारात आली. हरिचंद गेल्यापासून दोघी भेटल्या नव्हत्या. रूपाकाकी उठली, तिच्या गळ्यात पडली आणि सूर धरून रडायला लागली. मी फोन बंद केला नाही.

आता तू मला विचारशील, त्यात काय. तू विचारणार असलीस तर मी तुला होस्टेल आठवून देते. अकरावीत माझी आई मला भेटायला आली आणि वऱ्हांड्यातच माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तू धावत जाऊन तांब्याभर पाणी आणलंस आणि घाबरून विचारलंस, कोण गेलं? मी हसले. तुला म्हटलं, कुणी गेलं नाही, गावच्या बातम्या सांगून राहिली. म्हैस व्याली, काकाचं भांडण झालं, वेशीतली बाभूळ पडली, सगळं. आमच्या बायका खूप दिवसांनी भेटल्या की असंच रडतात आणि रडता रडता मागचं सगळं सांगून टाकतात. सुखाचं असो, दुःखाचं असो. एरवी जे तोंडातून निघत नाही ते तेव्हाच निघतं. महिनाभर रात्री तू मला चिडवायचीस, ‘शिवी, आज काय रडायचंय? मी ऐकते.’

त्या चार मिनिटांत रूपाकाकीनं भिकाबाईला सगळं सांगितलं. आत कोण कोण होते. पाण्याचा पाइप कुणाच्या हातात होता. त्या जमादाराचं नाव तिनं तीनदा घेतलं. मी ते इथे लिहीत नाही, पत्र उघडायला फारसं बळ लागत नाही. हरिचंद खिडकीशी सरपटत आला, त्याला भाकरीचा तुकडाही धरता येईना, तेही तिनं सांगितलं.

मी ऐकलेलं मी सांगून चालत नाही, ते तिनंच सांगायला हवं, आणि आता ती तेच परत सांगायला तयार नाही. मी आठ दिवस मागे लागले. ती म्हणते, ‘माझं रडून झालं भिकापाशी. तू तवा मशीनमधी भरलं ना? मग त्या मशीनला इचार. मला काहून इचारून राहिली?’ ज्याच्यापाशी एकदा रडून झालं, त्याच्यापाशी तेच दुःख पुन्हा काढत नाहीत, अशी आमच्यात रीत आहे. जिच्यापाशी तिचं रडून झालं नाही असं तांड्यावर आता कुणी उरलंच नाही. तिचा माझ्यावर नाही, तुमच्या त्या मशीनवर भरवसा आहे, हे कसं तिला सांगू?

कापलेला भाग शोध. कुणी कापला तेही कळव.

शिवकन्या

*

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

शिवकन्या,

उत्तराला उशीर झाला. शोधत होते.

तू म्हणतेस ते खरं निघालं. चढवलेल्या फायलींच्या जुन्या यादीत लांबी तेरा मिनिटं तेरा सेकंद दिसते. म्हणजे चार मिनिटं अकरा सेकंद साफसफाईत गेली. आमच्याकडे प्रत्येक फाईल ‘स्वच्छ’ करण्याची पद्धत आहे. पंख्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, लांबलेल्या शांतता हे काढून टाकतात. मूळ फायली नव्वद दिवस ठेवतात आणि नंतर जागा मोकळी करण्यासाठी पुसतात. टीमकडून हे झालं. टीममध्ये कोण होतं हे आता शोधून फारसा उपयोग नाही, बरेच जण सोडून गेलेत.

पण एक मार्ग आहे. सुनावणीत डिजिटल पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं की ही फाईल अस्सल आहे, तिच्यात फेरफार नाही. निता मॅडम ते लेटरहेडवर द्यायला तयार आहेत. नोंद-प्रमुख म्हणून सही माझी असेल. त्यानं तुमची बाजू भक्कम होईल असं त्यांना वाटतं. म्हणाल तर याच आठवड्यात पाठवते.

तू रागावलीस तरी चालेल, पण मला लिहीत राहा.

उझ्मा

*

धरणाखालचा तांडा
१६ फेब्रुवारी २०२५

उझ्मा,

तुझ्या निता मॅडमना सांग, प्रमाणपत्राबद्दल आभारी आहे. ‘मी काही पाहिलं न्हाई’ या वाक्याला फेरफार नसल्याचा शिक्का मारून मिळाला तर समोरचा वकील त्यांना पेढे पाठवेल. तू हे लिहिलंस कसं? होस्टेलात गणित माझं कच्चं होतं, तुझं नव्हतं.

आता मी जे सांगते ते बसून वाच. परवा लसीकरणाच्या कामानं वसमतला गेले होते, तिथून हट्ट्याला तुझ्या अम्मीकडे गेले. म्हटलं, तुझी तक्रार तरी करीन. खतीजाबी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. तुझा भाऊ राहिल घरीच होता. मी काही बोलायच्या आत तोच कौतुकानं म्हणाला, ‘आपाची फिल्म बघितली का?’ आणि फोन भिंतीला टेकवून लावून दिली.

धरण दिसलं. सुंदर दिसतं गं वरून, आमची घरं दिसत नाहीत. मग बासरी सुरू झाली. एक पुरुष जड आवाजात स्मृती आणि मातीबद्दल काहीतरी बोलत होता. बासरीच्या खाली कुणीतरी बाई रडत होती. मी चहाचा कप तोंडाला लावला होता आणि तुझ्या अम्मीनं माझा दंड धरला. ‘अगे पोरी, ही तर रूपा हाय!’ राहिलला म्हणाल्या, ‘ती बासरी बंद कर की रे. बोलू दे तिला.’

बासरी बंद होत नाही, उझ्मा. बासरी आणि रूपाकाकी आता एकच आवाज आहे. राहिलनं मागे नेऊन नेऊन नऊ वेळा लावलं. चाळीस वर्षं आमच्या तांड्यांवर बांगड्या भरणारी बाई ती, आमची बोली तिला माझ्याइतकीच कळते. ऐकत होत्या आणि एकेक ओळ सांगत होत्या. ‘भिका, त्याचे हात उचलेनात... म्हणतो, याडी, आई गं, तूच भरव... गजातून घास दिला मी...’ बावीस सेकंद. तेवढंच. मग तेच बावीस सेकंद पुन्हा, मग पुन्हा, सात मिनिटं संपेपर्यंत. नाव त्यात नाही. नाव पुढे होतं.

म्हणजे साक्षीतून तुम्ही तिला कचरा म्हणून काढलं आणि बासरीखाली सजावट म्हणून घातलं. पोराला शेवटचा घास कसा दिला हे ती बाई सांगून राहिली आणि तुमचं सभागृह उठून टाळ्या वाजवून राहिलं! मला पोलिसांचा राग येतो. त्यांचा येणारच, त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षाच केली नव्हती. पण तुमची किळस येते. तुमच्या हातात मी ते विश्वासानं दिलं होतं. आल्यापासून दोन दिवस माझ्या तोंडाची चव गेलीय.

खतीजाबी रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘रूपाचं लेकरू गेलं आन् मला कुणी सांगितलं बी न्हाई?’ त्यांचं तांड्यावर येणं बंद झालं त्यानंतर हरिचंद गेला, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

टीम-बीम नको. हे कुणी कापलं आणि फिल्मवाल्याला कुणी दिलं? एक नाव लिही.

शिवकन्या

*

पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

शिवकन्या,

मी.

चार दिवस हा एकच शब्द लिहून ठेवला होता. आता लिहिते.

ऑगस्ट २०२३. त्या दिवशी माझ्यापुढे चाळीस फायली होत्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या स्वच्छ करून चढवायच्या होत्या. रूपाकाकींची सदतिसावी. कानाला हेडफोन लावून सकाळपासून मी माणसं मार खाताना ऐकत होते, म्हणजे त्यांनी सांगितलेलं ऐकत होते, आणि मला जेवण गेलं नव्हतं. नऊ मिनिटांनंतर रडणं सुरू झालं. मला वाटलं, आता हे ऐकवत नाही. निवडलं, कापलं, शेरा लिहिला, पुढची फाईल उघडली. ‘आशय नाही’ हे शब्द माझे आहेत.

तुला वाटेल मी होस्टेलमधलं विसरले होते. विसरले नव्हते. सूर ऐकताक्षणी तुझ्या आईचा चेहरा डोळ्यापुढे आला होता. अम्मीला फोन लावून कानाशी धरला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी लावला नाही, कारण कळलं असतं तर लिहावं लागलं असतं, आणि अजून तीन फायली बाकी होत्या.

कापलेले तुकडे मी एका फोल्डरमध्ये ठेवायचे. फिल्मवाला आला तेव्हा निता मॅडम म्हणाल्या, त्याला काही अस्सल आवाज दे, जुळवून घेईल. मी फोल्डर दिला. तुला पहिल्या पत्रात त्या फिल्मचं कौतुक लिहिताना मला माहीत होतं की ते रडणं कुणाचं आहे. एवढं माहीत असून मी तुला लिंक बघायला सांगितली. कारण मला खरंच फिल्म चांगली झाली असं वाटत होतं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते आहे.

फिल्म झाल्यावर तो फोल्डर मी पुसून टाकला होता. फिल्मवाल्याकडेही बावीस सेकंदांपलीकडे काही नाही, त्याच्या घरी जाऊन स्वतः पाहून आले. ‘टीमकडून झालं’ हेही मीच लिहिलं होतं, टीममध्ये तेव्हा मी एकटी होते.

प्रमाणपत्र टेबलावर पडून आहे. मॅडम रोज विचारतात, सही झाली का. माफी मागत नाही. काय करू ते सांग.

उझ्मा

*

धरणाखालचा तांडा
३ मार्च २०२५

उझ्मा,

तुझं पत्र अंगणवाडीत वाचलं, पोरं खिचडी खात होती तेव्हा. काय वाटलं ते आत्ता लिहीत बसत नाही. ते नंतर, सुनावणी झाल्यावर, वेळ मिळाला तर.

काय करू विचारतेस तर ऐक. त्या प्रमाणपत्राऐवजी जे तू मला लिहिलंस तेच साहेबांसाठी लिही, सही कर आणि पाठव. रडगाणं नको. काय केलं, कधी केलं, किती सेकंद.

दुसरी गोष्ट. मी रूपाकाकीला सांगितलं की मशीनमधलं गेलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, ‘सगळं?’ मी म्हटलं, सगळं. ती उठली आणि घरात निघून गेली. तिसऱ्या दिवशी मी तिला तुझ्या अम्मीचा निरोप दिला, की खतीजाबीला हरिचंदचं आत्ताच कळलं आणि ती फार हळहळली. रूपाकाकी ज्वारी निवडत होती. हात थांबला. म्हणाली, ‘खतीजाला म्या अजून काहीच सांगितलं न्हाई.’

 तुझ्या लक्षात येतंय ना? सगळ्या मुलखात ती एकच बाई उरली आहे जिच्यापाशी हिचं रडणं बाकी आहे.

माझ्या मनात लगेच आलं की दोघींची भेट सुनावणीच्या खोलीतच घडवायची, आधी कुणाला कळू द्यायचं नाही. आणि त्याच क्षणी मला तुझा फिल्मवाला आठवला आणि स्वतःचीच घाण वाटली. एका बाईला फसवून रडवायचं, कारण आम्हाला ते हवं आहे, मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? म्हणून मी तिला सरळ विचारलं. साहेबांसमोर खतीजाबी आल्या तर चालेल का? तिनं ज्वारीतला खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, ‘आण तिला. साहेब बसू दे नाहीतर उठू दे. मी तिला सांगीन.’

अम्मीला विचार. गुडघ्याचं बघून विचार, भीड घालू नकोस.

शिवकन्या

*

पुणे
१० मार्च २०२५

शिवकन्या,

सोबत कागद जोडला आहे, दोन प्रती, दोन्हींवर सही. मजकूर असा:

‘मी, उझ्मा, साक्ष-संचय प्रकल्पाची नोंद-प्रमुख, लिहून देते की रूपाबाई यांच्या साक्षीची मूळ फाईल तेरा मिनिटं तेरा सेकंदांची होती. तिची शेवटची चार मिनिटं अकरा सेकंद मी स्वतः ऑगस्ट २०२३ मध्ये कापली आणि नंतर पुसली. मी तिथे “साक्षीदार रडते, आशय नाही” असं लिहिलं. ते खोटं आहे. ते बोलणं होतं आणि तसं असू शकतं हे मला माहीत होतं. वेबसाईटवरची साक्ष अपुरी आहे आणि तिच्यावर कुणी विसंबू नये.’

चढवलेल्या फायलींच्या यादीचं पान छापून जोडलं आहे, त्यात मूळ लांबी दिसते. मॅडमनी वाचून विचारलं, ‘यानं आपल्या बाकीच्या नऊशे साक्षींचं काय होईल, विचार केलास?’ मी म्हटलं, त्याच विचारानं झोप येत नाही. त्या नऊशेंपैकी किती ठिकाणी माझा तोच शेरा आहे ते मोजायला त्यांनी मला वेळ दिला नाही. शुक्रवारपासून मी ऑफिसला जात नाही. फिल्म अजून तशीच आहे. काढा म्हणून मी तीनदा लिहिलं.

अम्मी हो म्हणाली. राहिल गाडी करून आणतो म्हणत होता, ती म्हणाली बसनंच जाईन, तांड्यावरच्या दोन-चार बायका भेटतील वाटेत.

उझ्मा

*

धरणाखालचा तांडा
१९ मार्च २०२५

उझ्मा,

परवाचं लिहिते. जसं झालं तसं.

खोलीत पंखा, टेबल, चौकशी अधिकारी, एक टायपिंगवाली बाई आणि समोरचा वकील. रूपाकाकी बाकाच्या टोकावर बसली होती. साहेबांनी चांगल्या आवाजात विचारलं, ‘आजी, तुम्ही काय पाहिलं?’ ती म्हणाली, ‘माहीत न्हाई.’ वकिलानं माझ्याकडे बघून हलकंसं हसल्यासारखं केलं. त्याचे दात फार स्वच्छ आहेत.

तेव्हा राहिलच्या खांद्यावर हात ठेवून तुझी अम्मी दारात आली. रूपाकाकीनं वर बघितलं. तिला आधीपासून माहीत होतं की ती येणार, तरी माहीत असणं निराळं. ती उठली, चालत गेली आणि खतीजाबीच्या गळ्यात पडली. दोघी तिथेच दारात जमिनीवर बसल्या, खतीजाबीचा तो पाय तसाच वाकडा दुमडून. मग सूर लागला.

टायपिंगवालीनं बोटं उचलून मांडीवर ठेवली. साहेब म्हणाले, ‘पाणी द्या त्यांना. रडून होऊ द्या, मग पुढचं घेऊ.’ कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. हेच तर! कुणाच्याच मनात कधी काही वाईट नसतं. मी उठून काही बोलणार, तेवढ्यात रूपाकाकीला पोटाशी धरलेल्या खतीजाबी तिच्या डोक्यावरून ओरडल्या, ‘साहेब, थांबले काहून? ती बोलून राहिली ना! लिवा!’

वकील उठला. भाषा कुणाला कळत नाही, ही बाई कोण, हा काय प्रकार आहे. मी तुझा कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि पुन्हा वरून वाचायला लागले. मागे रूपाकाकीचं चालूच होतं, ती त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘दुभाषी म्हणून यांचं नाव घ्या. हरकत नोंदवा. आणि टाईप करा.’

खतीजाबी एकेक ओळ मराठीत सांगत गेल्या, आपल्या त्या मराठीत. ‘ती म्हणती, पाइप हिरवा व्हता. ती म्हणती, पोरगं खिडकीशी सरकत आलं. ती म्हणती, त्याला उभं ऱ्हाता येत नव्हतं, मग न्हाणीत घसरलं कसं?’ नाव आलं. दुसऱ्यांदा आलं, तिसऱ्यांदा आलं. प्रत्येक वेळी तुझी अम्मी ते पूर्ण सांगायची, आडनावासकट. वकिलानं लिहिणं थांबवलं होतं. घास भरवल्याचं आलं तेव्हा खतीजाबींचा आवाज गेला आणि ती ओळ मी सांगितली.

पुढे काय होईल मला माहीत नाही. वकिलाची हरकत मोठी आहे, सगळं रद्दही होईल म्हणतात. जमादाराची अजून बदलीसुद्धा झालेली नाही, काल तो आमच्या फाट्यावर रसवंतीत रस पीत बसला होता. मला बघून त्यानं ग्लास वर केला.

पण त्या दिवशीचं एवढं सांगून संपवते. छापलेला कागद वाचायला मिळाला तेव्हा पहिल्याच ओळीत सवयीनं टाईप झालेलं होतं, ‘साक्षीदार रडते.’ मी म्हटलं, हे बदला. ती बाई ओशाळली, बिचारीनं लगेच बदललं. आता तिथे ‘साक्षीदार सांगते’ असं आहे.

मग शाईचं पॅड आलं. रूपाकाकीनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर नेऊन तसाच अधांतरी धरला. साहेबांकडे पहिल्यांदाच बघितलं आणि विचारलं, ‘हे आता कोण कापंल?’

साहेब म्हणाले, कुणी कापणार नाही. तरी अंगठा खाली येईना. शेवटी तुझ्या अम्मीनं तिचं मनगट धरलं, बांगडी चढवताना धरायची तसं, आणि अंगठा टेकवला.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. ते नऊशे शेरे डोक्यात घेऊन पुण्यात बसू नकोस. हट्ट्याला ये, अम्मीचा पाय सुजलाय. आणि तिथून इकडे ये. आपली गाठ पडून सहा वर्षं झाली. मलाही तुला बरंच सांगायचं आहे आणि ते मी कागदावर सांगणार नाही.

शिवकन्या